सदाशिव पेठेची संख्या ४११०३०: मोठ्या संख्येची तपासणी हाताने कशी करावी

सहा-आठ अंकी संख्या समोर आली की बरेच जण एकेक गुणधर्म सुटासुटा तपासत बसतात. ही मूळ संख्या आहे का, परिपूर्ण आहे का, दोन वर्गांची बेरीज आहे का, हर्षद आहे का? प्रत्येक प्रश्नाला पुन्हा पहिल्यापासून भागाकार. यात वेळ जातो आणि चुकाही होतात. वास्तविक कामं दोनच. पहिलं, मूळ अवयव पाडणं. विभाजक किती, त्यांची बेरीज किती, वर्गांच्या रूपात लिहिता येईल का, ही सगळी उत्तरं अवयवांतून दोन-दोन ओळींत निघतात. दुसरं, दशमान पद्धतीत लिहिलेल्या अंकांकडे बघणं. हर्षद, स्वयंभू वगैरे प्रकार या दुसऱ्या खात्यातले; या नावांचे अर्थ पुढे येतीलच. ही दोन खाती वेगळी ठेवली की निम्मा गोंधळ संपतो.

उदाहरणाला पुण्याचे तीन पिनकोड घेऊ: सदाशिव पेठेचा ४११०३०, कॅम्पाचा ४११००१ आणि मार्केट यार्ड-बिबवेवाडीचा ४११०३७. पिनकोड हा टपाल खात्याने १९७२ पासून दिलेला नुसता क्रमांक आहे, कशाचीही मोजणी नाही. पण संख्या म्हणून तो चांगला कच्चा माल आहे. हे अंकज्योतिष नव्हे, त्यामुळे यातून कोणत्याही पेठेचं भविष्य निघणार नाही.

सामान साधं आहे: कागद, आठ अंकी कॅल्क्युलेटर आणि ६४१ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. अशा संख्या ११६ आहेत. सहा अंकी संख्येला यादी इतकीच का लागते ते पुढे येईलच.

पायरी १: सोपे अवयव आधी काढून टाका

४११०३० च्या शेवटी ० आहे, म्हणजे २ आणि ५ दोन्हींनी भाग जातो. अंकांची बेरीज ४+१+१+०+३+० = ९, म्हणजे ९ नेही भाग जातो. इथेच पहिली घाई होते. बेरीज ९ दिसली की लोक "३ ने भाग जातो" म्हणून पुढे सरकतात आणि दुसरा ३ विसरतात. एखादा अवयव सापडला की तो जाईनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा भागायचं.

४११०३० ÷ १० = ४११०३, त्याला ९ ने भागून ४५६७. अंकांची बेरीज २२, म्हणजे आता ३ संपला.

पायरी २: ७, ११ आणि १३ एकाच फटक्यात

७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून एकाआड एक वजा-अधिक केलं की तिन्ही कसोट्या एकदम होतात. सहा अंकी संख्येत फक्त एक वजाबाकी लागते. ४११०३० साठी ४११ − ०३० = ३८१. याला ७ ने भागून बाकी ३, ११ ने ७, १३ ने ४. तिघेही बाद. पिनकोडला नाहीत म्हणजे ४५६७ लाही नाहीत, पुन्हा तपासायची गरज नाही.

४११०३७ साठी ४११ − ०३७ = ३७४. ३७४ = २ × ११ × १७. ११ आहे, म्हणून ४११०३७ लाही ११ ने भाग जातो. मात्र १७ दिसला म्हणून १७ नेही भाग जाईल असं अजिबात नाही. ही युक्ती १००१ च्या अवयवांपुरतीच खरी, आणि १७ हा १००१ चा अवयव नाही. ४११०३७ ला १७ ने भागलं तर ११ बाकी उरते. या सापळ्यात हुशार मुलंही अडकतात. ३७४ च्या अवयवांतला २ बघितला तरी शंका यायला हवी, कारण ४११०३७ विषमच आहे.

पायरी ३: वर्गमुळापर्यंतच, पण कोणाच्या?

संयुक्त संख्येचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमुळाइतका किंवा त्याहून लहान असतो. ४११०३० चं वर्गमूळ ६४१ च्या किंचित पुढे आहे (६४१² = ४१०८८१, ६४२² = ४१२१६४). म्हणून ६४१ पर्यंतची यादी. पण आपण आता ४११०३० तपासतच नाही आहोत, ४५६७ तपासतो आहोत. त्याचं वर्गमूळ ६७.५ च्या थोडं पुढे, म्हणजे ६७ ला थांबायचं. मर्यादा नेहमी उरलेल्या संख्येची धरायची. हे न केल्यामुळे लोक शंभर जादा भागाकार करतात.

१७ पासून ६७ पर्यंत तेरा मूळ संख्या आहेत. ४५६७ ला त्यांनी भागल्यावर उरणाऱ्या बाक्या क्रमाने:

१७→११, १९→७, २३→१३, २९→१४, ३१→१०, ३७→१६, ४१→१६, ४३→९, ४७→८, ५३→९, ५९→२४, ६१→५३, ६७→११.

कुठेही शून्य नाही. म्हणून ४५६७ मूळ, आणि

४११०३० = २ × ३² × ५ × ४५६७.

बाकी लिहून ठेवायची सवय लावा. नुसतं "नाही" लिहिलं तर चूक शोधताना सगळं पुन्हा करावं लागतं. कॅल्क्युलेटरवर बाकी काढताना दशांशावर विसंबू नका. भागाकाराचा पूर्णांक घ्या, भाजकाने गुणा, वजा करा. ४५६७ ÷ ६१ = ७४.८६…, ७४ × ६१ = ४५१४, बाकी ५३.

४, ५, ६, ७ हे अंक ओळीने आलेली मूळ संख्या पेठेच्या पिनकोडात दडलेली निघावी हा योगायोग, पण तो स्वस्त नाही. ओळीने येणारे तीन अंक घेतले तर त्यांची बेरीज ३ च्या पटीत येते, त्यामुळे १२३, ४५६ असली संख्या मूळ असूच शकत नाही. चार अंकी उमेदवार सहाच: १२३४, ३४५६, ५६७८ सम, २३४५ ला ५ जातो, ६७८९ ला ३ जातो. उरते ती एकटी ४५६७.

आता ४११०३७. ११ ने भागून ३७३६७. पुन्हा कसोटी: ३६७ − ३७ = ३३०, परत ११ जातो. ३३९७ उरले. ३९७ − ३ = ३९४, तिघांपैकी कोणीच जात नाही. वर्गमूळ ५८ च्या पुढे, म्हणून ५३ पर्यंत बघायचं; १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१ बाद होतात आणि ४३ ला बरोबर ७९ वेळा भाग जातो. ४११०३७ = ११² × ४३ × ७९.

आणि ४११००१? २, ३, ५ नाहीत. ४११ − ००१ = ४१०, त्यात ७, ११, १३ नाहीत. इथे संख्या लहान होतच नाही, त्यामुळे ६४१ पर्यंतची उरलेली सगळी यादी घासावी लागते. सगळे भागाकार केले तरी एकही शून्य बाकी येत नाही. १३७ ला तर अगदी हातातोंडाशी येऊन घास हुकतो: १३७ × ३००० = ४११०००, बाकी १. कॅम्पाचा पिनकोड मूळ संख्या आहे.

पायरी ४: अवयवांवरून हिशेब

विभाजकांची संख्या काढायला प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा. ४११०३० साठी घातांक १, २, १, १, म्हणून २ × ३ × २ × २ = २४ विभाजक. यादी हवी असेल तर आधी ९० चे बारा लिहा: १, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५, ९०. मग प्रत्येकाला ४५६७ ने गुणून उरलेले बारा. ९० आणि ४५६७ यांच्यामध्ये एकही विभाजक नाही. एक मूळ अवयव असा अवाढव्य असला की यादीत अशी दरी पडतेच.

विभाजकांच्या बेरजेसाठी प्रत्येक मूळ अवयवाचे घात १ पासून मिळवून गुणाकार: (१+२) × (१+३+९) × (१+५) × (१+४५६७) = ३ × १३ × ६ × ४५६८ = १०,६८,९१२. इथे ३² साठी १३ ऐवजी ४ × ४ = १६ धरण्याची चूक हमखास होते. यातून संख्या स्वतः वजा केली तर ६,५७,८८२ उरतात. ही बेरीज संख्येपेक्षा मोठी, म्हणून ४११०३० विपुल. बेरीज संख्येइतकीच आली तर परिपूर्ण, कमी आली तर न्यून.

खरं तर नुसतं "विपुल की न्यून" एवढंच विचारलं असेल तर इतका गुणाकार नको. ६ परिपूर्ण आहे, आणि परिपूर्ण संख्येची प्रत्येक मोठी पट विपुल असते. ४११०३० ला ६ ने भाग जातो, प्रश्न संपला. ४११०३७ साठी मात्र हिशेब करावा लागतो: १३३ × ४४ × ८० = ४,६८,१६०, त्यातून संख्या वजा केली की फक्त ५७,१२३. न्यून. मूळ संख्येचा स्वतःखेरीज विभाजक १ एकटाच, त्यामुळे ४११००१ न्यूनच असणार.

सहमूळ किती, हा ऑयलरचा हिशेब: १ पासून संख्येपर्यंत असे किती आकडे आहेत, ज्यांचा तिच्याशी १ सोडून सामाईक अवयव नाही? प्रत्येक मूळ अवयवाचा एक घात कमी करून त्याला (अवयव − १) ने गुणायचं. ४११०३० साठी १ × (३ × २) × ४ × ४५६६ = १,०९,५८४. ४११०३७ साठी (११ × १०) × ४२ × ७८ = ३,६०,३६०. हा आकडा ओळखीचा वाटला तर बरोबर आहे. १ ते १५ या सगळ्यांनी निःशेष भागली जाणारी लहानात लहान संख्या तीच.

४११०३० मध्ये ३² आहे आणि ४११०३७ मध्ये ११², म्हणून दोन्ही वर्गमुक्त (कोणत्याही मूळ संख्येच्या वर्गाने भाग न जाणाऱ्या) नाहीत. तिघींपैकी पूर्ण वर्ग कोणतीच नाही. ४११०३० च्या शेवटी एकच शून्य आहे, तेवढ्यावरच ते कळतं.

पायरी ५: वर्गांचं गणित

हा भाग सर्वांत रसाळ. नियम असा: अवयवांत ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणाऱ्या प्रत्येक मूळ संख्येचा घातांक सम असेल, तरच संख्या दोन वर्गांची बेरीज होते. ४११०३० मध्ये ३ चा घातांक २ आहे, तो चालतो. पण ४५६७ ला ४ ने भागून बाकी ३ आणि घातांक १. नाही जमत. ४११०३७ मध्ये ११ निभावला, पण ४३ आणि ७९ दोघेही त्याच जातीचे. तीही बाद.

४११००१ मूळ आहे आणि ४ ने भागून बाकी १, त्यामुळे ती दोन वर्गांची बेरीज असलीच पाहिजे, आणि तीही एकाच प्रकारे. पण कोणत्या? ६४१ पर्यंतचा प्रत्येक आकडा घेऊन बघण्याऐवजी आधी चाळणी लावा. दोनपैकी एक आकडा सम, एक विषम. ४११००१ ला ८ ने भागून बाकी १, आणि विषम वर्गाचीही ८ ने बाकी १, म्हणून सम आकडा ४ च्या पटीत हवा. ५ ने भागल्यावर वर्गाची बाकी ०, १ किंवा ४ असते. बेरजेची बाकी १ हवी म्हणजे एक आकडा ५ च्या पटीत. ४११००१ ला २५ ने भागूनही बाकी १, म्हणून दुसरा आकडा २५ च्या पटीच्या एक मागे किंवा एक पुढे. यातून दोनच शक्यता उरतात:

विषम आकडा ५ च्या पटीत, तर सम आकड्याचे शेवटचे दोन अंक २४ किंवा ७६. असे १३ उमेदवार.

सम आकडा २० च्या पटीत, तर विषम आकड्याचे शेवटचे दोन अंक ०१, ४९, ५१ किंवा ९९. असे २५ उमेदवार.

पहिल्या गटात वर्ग वजा करून काहीच हाती लागत नाही. दुसऱ्या गटात ४११००१ मधून विषम आकड्याचा वर्ग वजा करून ४०० ने भागा. पूर्ण वर्ग आला की झालं. १, ४९, ५१, ९९ असं करत ५०१ ला पोचलं की ४११००१ − २५१००१ = १६००००, ४०० ने भागून ४००, म्हणजे २०². म्हणून

४११००१ = ४००² + ५०१².

चाळणीमुळे सहाशे चाळीसच्या जागी जास्तीत जास्त अडतीस प्रयत्न लागले.

४११०३० ला दोन वर्ग पुरत नाहीत, पण तीन पुरतील का? ४ चे सगळे घात काढून टाकल्यावर उरलेल्या संख्येला ८ ने भागून ७ उरत असतील तरच तीन वर्ग अपुरे पडतात. ४११०३० ला ४ जातच नाही आणि ८ ने बाकी ६, म्हणजे जमेल. सर्वांत जवळचा वर्ग ६४१² वजा करा: १४९ उरले. १४९ = १०० + ४९. म्हणून ४११०३० = ६४१² + १०² + ७². दर वेळी पहिल्याच वजाबाकीत असं सुटत नाही. नाही सुटलं तर ६४०, ६३९ असं खाली उतरायचं.

दोन वर्गांच्या फरकाचा नियम सगळ्यांत सोपा: ४ ने भागून बाकी २ असेल तर अशक्य, एरवी शक्य. ४११०३० इथे नापास. ४११०३७ = ४७३ × ८६९, दोघांची सरासरी ६७१ आणि फरकाचा निम्मा १९८, म्हणून ती ६७१² − १९८².

पायरी ६: आता अंकांकडे

इथून पुढचं सगळं लेखनपद्धतीवर अवलंबून आहे. या विषयाचा आपल्याकडचा मोठा माणूस म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६), फर्ग्युसनचे विद्यार्थी आणि देवळालीचे शाळामास्तर.

हर्षद: अंकांच्या बेरजेने संख्येला भाग गेला पाहिजे. ४११०३० ची बेरीज ९ आणि भागाकार ४५६७०, म्हणून हर्षद. पण लेखनपद्धत बदलून बघा. द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) ती ११००१०००१०११००१०११०, त्यात नऊ एक. पुन्हा ९ ने भाग, पुन्हा हर्षद. षोडशमानात (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजून) ६४५९६, बेरीज ३०, तिथेही भाग जातो. अष्टमानात (आठाच्या पटीत) १४४२६२६, बेरीज २५, आणि २५ ने भाग जात नाही. संख्या तीच, हर्षदपण गेलं. पहिल्या खात्यातल्या गुणधर्मांचं असं कधीच होत नाही.

स्वयंभू: कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती. शोधताना मागचे चोपन्न आकडे तपासायची गरज नाही. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची ९ ने बाकी सारखीच असते, त्यामुळे जनक संख्येची (जिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवून दिलेली संख्या बनते तिची) दुप्पट आणि दिलेली संख्या यांची ९ ने बाकी एकच यायला हवी. ४११०३० साठी जनकाच्या अंकांची बेरीज ९, १८, २७, ३६, ४५ किंवा ५४. पहिलाच उमेदवार ४११०२१, बेरीज ९, आणि ४११०२१ + ९ = ४११०३०. जनक सापडला, स्वयंभू नाही.

४११०३७ साठी बेरीज ८, १७, २६, ३५, ४४ किंवा ५३ हवी. उमेदवार आणि त्यांची खरी बेरीज: ४११०२९ ची १७, ४११०२० ची ८, ४११०११ ची ८, ४११००२ ची ८, ४१०९९३ ची २६, ४१०९८४ ची २६. हवी तशी एकही नाही. मार्केट यार्डाचा पिनकोड स्वयंभू आहे.

कापरेकरांची वजाबाकी सगळ्यांना ६१७४ मुळे माहीत असते: अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, पुन्हा करा. चार अंकांना (चारही सारखे नसले तर) ६१७४ हा मुक्काम ठरलेला, पण सहा अंकांना तशी हमी नाही. तिथे ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन मुक्काम आहेत आणि सात संख्यांचं एक चक्रही आहे. ४११०३० चं काय होतं? ४३११०० − ००११३४ = ४२९९६६, मग ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६, आणि पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ करत पुन्हा ४२०८७६. म्हणजे चौथ्या वजाबाकीत ती चक्रात अडकते. "अजून सहा-सात वेळा केलं तर थांबेल" या आशेवर पानं भरू नका. आधी आलेली संख्या पुन्हा दिसली की थांबा. आणि डावीकडची शून्यं पाळा. अंक सहाच राहिले पाहिजेत, नाहीतर पुढची मांडणी बिघडते.

दहा अंकांच्या पुढे

मोबाइल नंबर घेतलात तर वर्गमूळ एक लाखाच्या घरात जातं, आणि एक लाखाच्या आत ९,५९२ मूळ संख्या आहेत. हे हाताने होणारं काम नाही. लहान अवयव काढून झाले की मिलर–राबिन चाचणी लावावी; ती अवयव न पाडताच संख्या मूळ आहे की संयुक्त ते सांगते. ४११००१ वर ती अशी दिसते: एक वजा करून ४११००० = ८ × ५१३७५. आता २ च्या ५१३७५ व्या घाताची ४११००१ ने बाकी काढा. ती १ किंवा ४११००० आली तर पास. नाहीतर तिचा वर्ग करत जा, फार तर दोनदा, आणि ४११००० येते का बघा. नाही आली तर संख्या नक्की संयुक्त.

घात काढताना दर पायरीला वर्ग करून लगेच बाकी घ्यायची. आधी पूर्ण घात आणि मग बाकी असं केलं तर अनर्थ: २ चा ४११००० वा घात १,२३,७२४ अंकांचा आहे. पायथनमध्ये घाताच्या फंक्शनला तिसरी किंमत म्हणून भाजक दिला की हे आपोआप होतं.

नुसत्या २ च्या घातावर काम भागत नाही. साधी फर्माची चाचणी (घाताची बाकी १ येते का एवढंच बघणारी) ३४१ = ११ × ३१ या संख्येला २ या पायावर, म्हणजे २ चा घात घेऊन, मूळ ठरवते. मिलर–राबिन अधिक कडक आहे, तरी पायांची संख्या मोजून घ्यावी. २ आणि ३ हे दोन पाये १३,७३,६५३ च्या आतल्या संख्यांना पुरतात, म्हणजे सगळ्या पिनकोडांना. २, ३, ५, ७ हे चार ३२१,५०,३१,७५१ च्या आत पुरतात. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे या मर्यादेच्या पुढचे. त्यांना ११ हा पाचवा पाया जोडावा. मग सुमारे २ लाख १५ हजार कोटींपर्यंत काळजी नाही.

चाचणी "संयुक्त" म्हणाली तरी अवयव सांगत नाही, ते वेगळे काढावे लागतात. दहा-बारा अंकांना संगणकावर साधा भागाकारही क्षणात उरकतो. एक्सेलमध्ये मात्र पंधरा अंकांच्या पुढे जाऊ नका. सोळावा अंक तिथे गुपचूप शून्य होतो, आणि मग विषम संख्येला २ आणि ५ हे अवयव सापडायला लागतात.